सांगणाऱ्याचं नाव

"दिपोटी लई इचारायचे. जातानाबी काय तरी इचारलं आसंल."

"न्हाई. गप गेले म्हंत्यात."

ओट्यावर बसलेल्या दोघांचं हे बोलणं मी माजघराच्या दाराआडून ऐकलं. तात्यांचा तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. उत्रोलीहून धोंडिबा आणि त्याचा मेव्हणा भेटायला आले होते. याच धोंडिबाच्या बैलगाडीतून तात्या वीसएक वर्षं भोर-वेल्ह्याचा मुलूख फिरले. काकूंनी माझ्या हातात चहाचे दोन पेले दिले होते आणि बाहेर नेऊन द्यायला सांगितलं होतं. मी दारापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. बाहेर गेलं की काहीतरी बोलावं लागलं असतं... चहा निवला, तेव्हा काकूंनीच येऊन माझ्या हातातले पेले घेतले आणि बाहेर नेले. त्यांना माझी सवय आहे.

तात्या गेल्याची तार पुण्याला आली ती दुपारी. युद्धामुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार कात्रजच्या घाटात दोनदा थांबली आणि ड्रायव्हर खाली उतरून मागची भट्टी ढवळत बसला. वडील घड्याळाकडे पाहत होते. मी खिडकीतून खालचा ओढा पाहत होते आणि त्याला काय नाव असेल याचा विचार करत होते. भोरला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. चार दिवसांचा ताप, एवढंच निमित्त. मला त्यांचं दर्शन झालं नाही.

तात्या माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. भोर संस्थानच्या शाळांचे ते तपासनीस होते. खेड्यापाड्यांत या हुद्द्याला दिपोटी म्हणतात, आणि दिपोटी येणार म्हटलं की शाळा आदल्या दिवशी शेणाने सारवतात. तात्यांना ते आवडत नसे. ओल्या जमिनीवर मुलांना बसवता म्हणून ते मास्तरांना रागवत. वर्षातले सहा-सात महिने ते फिरतीवर असायचे. शाळा तपासून झाली की दुसरे अधिकारी पाटलाकडे जेवून झोपत, तात्या नदीवर जात. निळी छत्री, खाकेत वही, धोतराचा काचा मारलेला, आणि पायांत चपला असल्या तर असल्या.

माझे वडील पुण्याला कॅम्पात नोकरीला. मला त्यांनी तिथल्याच इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करत. मी मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे मला ही शिक्षा कधी झाली नाही. पण दोन भाषांमध्ये मी अशी काही अडकले की कुठलीच वेळेवर तोंडात येईना. सुट्टीत भोरला आले की आळीतल्या मुली विहिरीवर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, मडमिणीला जीभ नाही वाटतं. घरातली माणसं समजूत घालायची, बोलावं गं, कोणी खात नाही. तात्यांनी तसं कधी म्हटलं नाही. मी अकरा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला गाडीत घेतलं, गुडघ्यावर वही ठेवली, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, "तू बोलू नकोस. तू लिही. बोलायला मी आहे."

त्या वहीची एक पद्धत होती. ओढा, डोह, टेकडी, देवराई, पाणवठा, जे काही असेल त्याचं नाव, तिथे काय दिसलं, आणि शेवटच्या रकान्यात सांगणाऱ्याचं नाव. चावडीतल्या कागदावरून नाव घ्यायचं नाही. जो माणूस त्या पाण्यावर गुरं आणतो, कपडे धुतो, मासे धरतो, त्यालाच तिथे उभं राहून विचारायचं. आणि ज्याने एखादी नोंद सुरू केली असेल त्यानेच ती पुरी करायची, दुसऱ्याने मधे हात घालायचा नाही. या पद्धतीमागे एक फजिती होती, ती तात्या स्वतःच हसत सांगत. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी मुलांसाठी तालुक्याचा एक मोठा नकाशा रंगवला. नावं सगळी सरकारी दप्तरातून उतरवलेली. भोंगवलीच्या शाळेत तो भिंतीवर लावला, तर तिसरीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, गुरुजी, आमच्या वढ्याला आमी असं म्हनत न्हाई. मास्तर त्याला मारायला धावले. तात्यांनी नकाशा उतरवला, गुंडाळला आणि त्या मुलाच्या मागोमाग ओढ्यावर गेले. वहीतली पहिली नोंद ती. शेवटच्या रकान्यात त्या मुलाचं नाव आहे, वडिलांच्या नावासकट.

त्या सहा-सात वर्षांतल्या सुट्ट्या मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. नसरापूरचा बाजार, तिथल्या गुळाच्या ढेपींवर बसणाऱ्या गांधीलमाशा, आंबवड्याचा झुलता पूल, त्यावरून जाताना काकूंनी दिलेला डबा मी छातीशी धरलेला. रोहिड्याच्या दरवाज्याशी बसून खाल्लेली दशमी. वेल्ह्याला तोरण्याच्या सावलीत दुपारीच पडणारा गारठा. पण सगळ्यात जास्त आठवते ती नदी. तात्या नीरेच्या काठी एखादा खडक बघून बसत आणि मला शेजारी बसवत. हलायचं नाही, बोलायचं नाही. थोड्या वेळाने नदी आपल्याला विसरे आणि स्वतःच्या कामाला लागे. शेरणीच्या झुडपातून खंड्या सुटून पाण्यात पडे आणि मासा घेऊन त्याच फांदीवर येई. कासवं एकामागून एक खडकावर चढत. पाणकावळे पंख पसरून वाळत बसत. वाळूच्या पट्ट्यावर सुरय पक्ष्यांची अंडी असत, इतकी वाळूसारखी की पाय पडेपर्यंत दिसू नयेत. शाळेत बक्षीस मिळालेलं पक्षी-प्राण्यांचं एक इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होतं. त्यातलं चित्र मी दाखवायची, तात्या इथलं नाव सांगायचे, मी ते पुस्तकात चित्राखाली पेन्सिलीने लिहायची. एकदा असेच तासभर बसल्यावर ते हळूच म्हणाले, नदीवर बसायला तुझ्यासारखी माणसं लागतात. माझ्या न बोलण्याचं कुणाला कौतुक वाटू शकतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

भाटघरच्या धरणावरचा एक दिवस सांगायला हवा. धरणाचं पाणी वेळवंडीच्या खोऱ्यात दूरवर आत गेलंय, ते तात्यांना वरच्या डोंगरधारेवरून पाहायचं होतं. तिथे एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन बसला होता. तात्यांनी त्याला खालच्या पाण्याकडे बोट करून विचारलं, तिथे पूर्वी काय होतं? म्हाताऱ्याने आधी मेंढरांवर नजर टाकली. मग काठी टेकत उठला आणि पाण्यावर बोट फिरवत एकेक सांगू लागला. हितं आमची उताराची वाट. तितं म्हशी डुंबायच्या त्यो डोह. त्येच्या वर जांभळीचं बन. त्याच्या डोळ्यांसमोर ते सगळं कोरडं, उन्हात उभं होतं. मी भराभर लिहीत होते. शेवटी त्याने विचारलं, "आनि ही पोर काय लिवतीया?" तात्या म्हणाले, "तुमचं नाव लिहितेय." त्याला ते वाचून हवं होतं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली, आणि त्यांनीच वही घेऊन वाचून दाखवलं. म्हातारा म्हणाला, "पुन्यांदा वाचा." ते त्यांनी तीनदा वाचलं.

परतीच्या वाटेवर तात्यांनी वही माझ्याकडे परत दिली. मग म्हणाले, नाव सांगताना माणूस कसा उभा राहतो ते पाहिलंस ना. वहीत तेवढं मात्र लिहिता येत नाही.

पुढच्या वर्षी, मी तेरा वर्षांची असताना, आम्ही मार्गासनीच्या पुढे गुंजवणीवर थांबलो होतो. मार्गशीर्षातली सकाळ. धोंडिबाने बैल सोडले होते. नदी तिथे वळते आणि वळणावर काळाभोर, खोल डोह आहे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला करंजाची झाडं. तात्यांच्या पायात काटा मोडला होता, म्हणून ते पाय पाण्यात सोडून बसले होते. सकाळपासून ते मला उदाबद्दल सांगत होते. ऊद म्हणजे पाणमांजर. जुनी माणसं सांगत की गुंजवणीत पूर्वी ऊद दिसत, जोडीने येत आणि पाण्यात लहान मुलांसारखे खेळत. तात्यांनी इतकी वर्षं नद्या तुडवल्या, पण त्यांना एकदाही ऊद दिसला नव्हता. पलीकडच्या काठाला एक बाई घोंगडी धूत होती. तात्या मला म्हणाले, "आज तू विचारून ये. डोहाचं नाव आणि तिचं नाव. दोनच गोष्टी."

मी दगडांवरून पाय टाकत पलीकडे गेले. बाई माझ्यापासून दहा-बारा पावलांवर होती. तिने घोंगडी कातळावर पसरली होती आणि ती पायांनी तुडवत होती, एक पाय, दुसरा पाय, कमरेवर हात, तोंडाने काहीतरी गुणगुणणं. मी करंजाच्या झाडाआड उभी राहिले. माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार झालं. मग मी त्याचं मराठी केलं. मग ते मराठी मला पुस्तकातलं वाटलं. तिला बाई म्हणू की मावशी? 'म्हणतात' म्हटलं तर ती हसेल का? 'म्हंत्यात' म्हटलं तर मी तिला वेडावतेय असं तिला वाटेल का? एवढं होईतो तिने घोंगडी पिळली, खांद्यावर टाकली आणि ती वर चढून गेली. मला हाक मारता आली असती. ती फार लांब गेली नव्हती.

परत आले तेव्हा तात्या वही उघडून बसले होते. "काय म्हणाली?"

मी म्हणाले, "उदाचा डोह."

ते माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. सकाळपासून तो एकच शब्द डोक्यात होता, आणि विचारलंच नाही हे सांगण्यापेक्षा तो सोपा होता. तात्या ताडकन उठले. एक पाय ओला, एका पायात चपल. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते डोहाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे इथे होता. निदान नावात तरी राहिलाय." मग शेवटच्या रकान्याशी त्यांची पेन्सिल थांबली. बाईचं नाव? मी म्हटलं, ते विचारायचं राहिलं. "असू दे," ते म्हणाले, "पुढच्या खेपेला विचार."

त्यानंतर दर हिवाळ्यात तात्या त्या डोहावर जाऊन बसू लागले. वेल्ह्याच्या बाजूची शाळा नसली तरी वाकडी वाट करून जायचे. मला पुण्याला पत्रं यायची. कार्डावर बारीक अक्षरात आधी घरची खुशाली, मग नदीची: आज पहाटेपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसलो. खंड्या एक, कासवं दोन, टिटव्यांचा फार गलबला. ऊद नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी हे दोन शब्द असत, ऊद नाही, आणि त्यात तक्रार कधीच नसे. उलट पुढच्या वेळची उमेदच असे. ते दोन शब्द वाचले की मी कार्ड वहीत ठेवून द्यायची आणि त्या दिवशी अभ्यास व्हायचा नाही.

काकू चेष्टा करत. म्हणायच्या, "माझी वाट कधी अशी पाहिली नाहीत. मांजराचं नशीब बरं." एकदा तात्यांनी त्या डोहावरून पळसाच्या पानात काहीतरी बांधून आणलं. वाळलेली विष्ठा होती, त्यात खेकड्याच्या कवचाचे तुकडे होते. उदाचीच, ते म्हणाले, आणि पान खिडकीत जपून ठेवलं. काकूंनी कपाळाला हात लावला, आता घरात एवढंच आणायचं राहिलं होतं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी धोंडिबा आला, त्याने पान हातात घेऊन वास घेतला आणि सांगितलं, "मुंगसाची हाय, दिपोटी." तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. सगळे हसले. मीही हसले, आणि मग परसात जाऊन उभी राहिले.

खरं सांगायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. कॉलेजात नाव घातलं त्या वर्षी आंबवड्याच्या झुलत्या पुलावर आम्ही दोघंच उभे होतो. मी म्हणाले, "तात्या, त्या डोहाचं..." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खाली पाण्यात एक भलं मोठं कासव मान बाहेर काढून स्थिर झालं होतं. ते बुडेपर्यंत आम्ही पाहत राहिलो. मग त्यांनी विचारलं, तू काही म्हणत होतीस? मी म्हटलं, नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या सुटकेचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

आमची शेवटची भेट गेल्या दिवाळीत झाली. त्यांचे गुडघे धरले होते, फिरती जवळजवळ बंद होती. कागदाच्या टंचाईमुळे नवी वही मिळत नव्हती, म्हणून जुन्या वह्यांच्या समासात ते बारीक लिहीत. मी निघायच्या दिवशी त्यांनी एक वही चाळत सहज विचारलं, "मंदा, त्या डोहावर तुला नाव सांगणारी कोण होती गं? रकाना कोराच राहिलाय."

मी म्हणाले, "आठवत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, शोधतानाही नाही, नदीकडे बघायचे तसं. म्हणाले, "असू दे. पुन्हा गेलीस की विचार."

माघात ते गेले.

तेराव्यानंतर साताठ दिवसांत शाळाखात्याकडून काकूंना निरोप आला. तात्यांच्या वह्यांवरून मुलांसाठी मुलखाची माहिती देणारं एक लहानसं पुस्तक करायचं आहे, तर वह्यांची स्वच्छ प्रत करून मिळेल का? काकूंनी अकरा वह्या माझ्यापुढे ठेवल्या. अक्षर तुझं चांगलं, म्हणाल्या, आणि त्यातलं निम्मं तूच लिहिलंयस. मी कॉलेजातून महिनाभराची रजा घेतली. रोज सकाळी खिडकीशी बसून मी उतरवत होते. माझं लहानपणचं अक्षर, मधेच त्यांचं. चारदोन ओळी झाल्या की मला त्यांचा आवाज ऐकू येई, नाव विचारतानाचा, थोडा वाकून बोलल्यासारखा. तो आवाज पुन्हा ऐकावा म्हणून मी मुद्दाम सावकाश लिहीत असे. पुण्यात बंडगार्डनला नदीवर कधी एखादा खंड्या दिसला की मी ते लक्षात ठेवायची, तात्यांना लिहायचं म्हणून. आता इथे बसूनही मन तसंच करतं. नीरेवर सुरय आलेत, पुलावरून पाहिलं मी. कुणाला सांगू?

आठव्या वहीत तो डोह आला. त्या पानावर प्रत्येक नावापुढे कुणीतरी होतं, गुराखी, कोळीण, गुरव. एकाच ओळीचा शेवटचा रकाना कोरा. मी दोन दिवस त्या पानावर थांबले. काकूंनी विचारलं, काय अडलं? मी म्हटलं, इथे सांगणाऱ्याचं नाव नाही. त्या वाती वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "घाल की कुणाचंही. कोण जातंय विचारायला?" आणि मग त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, हातातला कापूस तसाच राहिला. त्यांच्या तोंडून हे निघावं, आणि विचारायला जाणारं माणूसच घरात नसावं...

ते नाव तसंच छापलं गेलं तर काय होईल? काही नाही. वेल्ह्याकडची मुलं ते पाठ करतील, आणि त्यांच्यातलं एखादं उभं राहून म्हणेल, आमी असं म्हनत न्हाई. त्याला तिथले मास्तर मारायला धावतील. मग नकाशा उतरवायला तात्या नसतील.

डोहावर जाऊन येते असं मी वडिलांना लिहिलं, काकूंना सांगितलं आणि धोंडिबाला निरोप धाडला. तो पहाटे गाडी जुंपून आला. गाडीत तात्यांची सतरंजी होती ती त्याने झटकून माझ्यासाठी घातली. नसरापूर सोडलं तसा तो बोलायला लागला. मी ऐकत होते. तात्यांच्या किती खोड्या त्याला ठाऊक होत्या. वाटेत दिसेल त्या माणसाला थांबवून विचारायचे, बैल कंटाळायचे. एकदा एका म्हाताऱ्याला तलाठीच आलाय असं वाटलं आणि तो उसात जाऊन लपला, तर तात्या उसाच्या बाहेर बसून राहिले, म्हणाले, येईल बाहेर, तहान लागेल. धोंडिबा आपल्याशीच हसला, मग आसूड मांडीवर ठेवून म्हणाला, "सगळीकडं इचारायचे, ताई. त्या एका डोहावर मातुर कदी कुनाला इचारलं न्हाई."

मला नीट कळलं नाही असं वाटून मी त्याच्याकडे पाहिलं.

"व्हय. दर साली जायचं, बसायचं. बाया यायच्या, गुरं यायची. म्या म्हनलं, ह्यास्नी इचारू का नाव? तर म्हनले, न्हाई, धोंडिबा. ती नोंद मंदाची हाय. ती इचारंल."

पुढे तो काय बोलला ते मी ऐकलं नाही. त्यांना ठाऊक होतं का? की ज्याने नोंद सुरू केली त्यानेच ती पुरी करायची, एवढा त्यांचा नेम होता, आणि ते खरोखरच उदाची वाट पाहत होते? ठाऊक असेल तर मग त्या थंडीत, दुखऱ्या गुडघ्यांनी, ते तिथे कुणाची वाट पाहत होते? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहते. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. आता सांगायला कोणीही उरलेलं नाही.

मार्गासनीच्या पुढे धोंडिबाने गाडी थांबवली. डोह तसाच होता, वळणावर, काळाभोर. ज्या दगडावर तात्या बसत तो मला दाखवावा लागला नाही. त्याची एक बाजू बसून बसून गुळगुळीत झाली आहे, निदान मला तसं वाटलं. उतरती उन्हं पाण्यावर आली होती. मी दगडावर जाऊन बसले. हलले नाही. थोड्या वेळाने खंड्या आला. एक कासव आलं. मी बघत राहिले, आणि मला माहीत होतं की मी टाळते आहे.

पलीकडच्या काठावर एक बाई म्हैस घेऊन उतरली. चाळिशीची असेल. ती आठ वर्षांपूर्वीचीच की दुसरी, मला ओळखता आलं नसतं. तेव्हा मी तिच्या पायांकडेच पाहत होते. तिने म्हशीला पाण्यात सोडलं आणि मुठीत गवत घेऊन तिची पाठ घासायला लागली. धोंडिबा माझ्या मागे येऊन उभा राहिला. "म्या इचारू?" असं त्याने अगदी हलक्याने विचारलं. मी मान हलवून नको म्हटलं.

दगडांवरून पलीकडे जाताना पाणी घोट्याला लागलं, फार गार होतं. करंजाचं झाड आलं. मी त्याच्या आड थांबले नाही. वाक्य पुन्हा इंग्रजीत तयार व्हायला लागलं होतं. बाईने वर पाहिलं. अनोळखी मुलगी, पायात बूट, हातात वही. तिने पदर सारखा केला आणि वाट पाहिली. मी काय बोलणार याची तिला घाई नव्हती. म्हशीने फुरफुर करून पाणी उडवलं, ते आम्हा दोघींच्या अंगावर आलं, आणि ती हसली.

मी वही उघडली आणि म्हणाले, "मावशी, ह्या डोहाचं नाव काय? मला ठाऊक नाही."